ती कुठे होती? नात्यांवरच्या चित्रपटांबद्दल पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

आमच्या फिल्म सोसायटीच्या अंकासाठी मी पहिलं परीक्षण लिहिलं ते एका इराणी चित्रपटाचं. नवरा-बायको वेगळे व्हायला निघालेत आणि अकरा वर्षांची मुलगी मध्ये सापडलीये. मी दोन पानं भरली. नवरा कसा हेकेखोर, बायकोचं म्हणणं कसं रास्त, पोरीचे कसे हाल, सगळं लिहिलं. सोसायटीतले एक जुने सभासद आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. खेळ संपल्यावर चहाच्या टपरीवर त्यांनी ते कागद शांतपणे वाचले आणि विचारलं, "शेवटी कोर्टाच्या बोळात ती कुठे असते? आणि तो?"

मला सांगता येईना.

काकांनी कागद परत दिले. "पुन्हा बघून ये. तू पंच म्हणून गेली होतीस."

त्या एका प्रश्नाने मला जे शिकवलं ते पुढे कोणत्याच पुस्तकात इतकं थेट सापडलं नाही. लग्न, घटस्फोट, आईवडिलांचं म्हातारपण, राहतं घर सोडणं, परदेशी जाणं हे चित्रपटांचे विषय असले की आपल्या सगळ्यांकडे त्याबद्दल मतं तयार असतात. चित्रपट सुरू होऊन दहा मिनिटं होत नाहीत तोवर आपण घरातल्या वडीलधाऱ्यांसारखे कोण चुकलं ते ठरवू लागतो, आणि मग समोरचं दिसेनासं होतं. हा लेख ती चूक टाळण्यासाठी आहे. कुणाला अंकासाठी, वर्तमानपत्रासाठी किंवा स्वतःच्या वहीत लिहायला सुरुवात करायची असेल, तर या क्रमाने जा.

एक सूचना आधीच देते. पुढे 'अ सेपरेशन', 'टोकियो स्टोरी' आणि 'लेट स्प्रिंग' या तीन चित्रपटांचे शेवट सांगितले आहेत. पाहिले नसतील तर लेख ठेवा, ते पाहून या. लेख कुठे जात नाही.

आधी हाताशी काय हवं

- कडक पुठ्ठ्याची, हातात मावेल अशी वही आणि दोन शिसपेन्सिली. पेनची शाई नेमकी अंधारात संपते आणि ते उजेडात आल्यावरच कळतं.
- महोत्सवाला जाणार असाल तर ओळखपत्राची प्रत आणि पासपोर्ट आकाराचा फोटो. प्रतिनिधी नोंदणीला हे लागतंच. वर्तमानपत्रातर्फे जात असाल तर संपादकांचं पत्र लागतं, ते महिनाभर आधी मागून ठेवा.
- महोत्सवाचा कॅटलॉग. दिग्दर्शक, लेखक, छायाचित्रकार, संकलक, देश, वर्ष, लांबी हे सगळं त्यात एका जागी मिळतं. तो रद्दीत देऊ नका.
- घरी पाहणार असाल तर निदान लॅपटॉपचा पडदा आणि हेडफोन. या चित्रपटांत अर्ध्या गोष्टी शेजारच्या खोलीतून ऐकू येतात. मोबाइलच्या स्पीकरवर त्या पोहोचत नाहीत.
- दुसऱ्यांदा पाहायला वेळ. याला पर्याय नाही.

१. एकच चित्रपट निवडा

पुण्यात जानेवारीतला 'पिफ', गोव्यात २००४ पासून भरणारा 'इफ्फी', मुंबईचा 'थर्ड आय' हे चित्रपट महोत्सव, शिवाय गावोगावच्या फिल्म सोसायट्या असे पाहण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. मुंबईचं 'प्रभात चित्र मंडळ' १९६८ पासून हे काम करतंय. घरबसल्या पाहायचं तर 'मुबी'सारखी इंटरनेटवरची माध्यमं आहेत. कुठे काय मिळतं ते तुम्हाला लगेच कळेल, त्यावर जास्त लिहीत नाही.

सापळा वेगळाच आहे. महोत्सवात पास हाती आला की माणूस दिवसाला पाच पाच चित्रपट पाहतो. रात्री वही उघडली की पोलंडमधली आई आणि अर्जेंटिनातली बहीण एकाच स्वयंपाकघरात उभ्या दिसतात. पाहा हवे तेवढे, पण दिवसाला एकाहून जास्त चित्रपटांबद्दल लिहायचं कबूल करू नका. ज्याबद्दल लिहायचंय त्याच्यानंतरचा खेळ सोडा. बाहेर येऊन अर्धा तास एकट्याने बसा.

२. आधी वाचा, पण थोडंच

चित्रपट पाहण्याआधी दिग्दर्शकाचं नाव, देश, वर्ष आणि मूळ भाषेतलं शीर्षक एवढं वाचा. कथासार वाचू नका, दुसऱ्यांची परीक्षणं तर मुळीच नाही. ती वाचलीत की तुम्ही त्यांचंच वाक्य पडद्यावर शोधत बसता.

मूळ शीर्षक मात्र आवर्जून पाहा. सुरुवातीला सांगितलेल्या, असगर फरहादी यांच्या २०११ च्या इराणी चित्रपटाला जगभर 'अ सेपरेशन' म्हणतात. फारसीत त्याचं नाव आहे 'जुदाई-ए नादेर अझ सिमीन', म्हणजे नादेरचं सिमीनपासून वेगळं होणं. इंग्रजी नावात कोण कुणापासून ते गळून गेलं. 'जुदा' हा शब्द आपल्याकडे फारसीतूनच आला आणि अजून बोलण्यात आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव इंग्रजीपेक्षा जवळचं वाटेल. परीक्षणात ते एका ओळीत सांगून टाका.

३. अंधारात टिपणं कशी घ्यायची

मोबाइलचा उजेड करू नका, शेजाऱ्याचा चित्रपट मोडतो. पडद्याचा फोटो काढण्याचा तर विचारही नको. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहात परवानगीशिवाय चित्रीकरण करणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वहीच्या डाव्या पानावरच लिहा. डाव्या हाताचा अंगठा ओळीच्या सुरुवातीला ठेवायचा आणि ओळ झाली की खाली सरकवायचा, म्हणजे अक्षरं एकमेकांवर चढत नाहीत. अक्षर मोठं काढा. पानं जास्त लागतील, लागू द्या.

टिपायच्या गोष्टी चारच: माणसं कुठे आहेत, हातात काय आहे, पडद्याबाहेरून काय ऐकू येतंय, आणि एखादं वाक्य जसंच्या तसं. "छान", "दुःखद", "नवरा दुष्ट" असलं काही डाव्या पानावर नको. त्याच्यासाठी उजवं पान कोरं ठेवा. ते बाहेर आल्यावर, चहाबरोबर भरा. डावीकडे दिसलं ते, उजवीकडे वाटलं ते. ही एवढी शिस्त पाळलीत तर निम्मं काम झालं.

माझ्या वहीतली दोन टिपणं देते. चित्रपट यासुजिरो ओझू यांचा 'टोकियो स्टोरी', १९५३ चा. ओनोमिची गावातलं म्हातारं जोडपं मुलांना भेटायला टोकियोला निघतं. सुरुवातीचं टिपण: "सामान बांधतायत. हवेची उशी सापडत नाही. तो म्हणतो तुझ्याकडे दिली, ती म्हणते माझ्याकडे नाही. त्याच्याच सामानात निघते. खिडकीत शेजारीण." शेवटचं टिपण: "तीच खोली. तीच शेजारीण खिडकीत. तो एकटा. हातात पंखा."

उशीची गोष्ट मी पहिल्यांदा हसून सोडून दिली होती. वही पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की या दोघांच्या इतक्या वर्षांच्या संसाराबद्दल ओझू तिथेच सगळं सांगून मोकळा झालाय. ती ऐकून घेते, तो चुकतो, आणि सापडल्यावर कुणी त्याचं काही मनाला लावून घेत नाही. शेवटी त्या खोलीत वस्तू हरवली तर विचारायला कुणी नाही. हे टिपणात नसतं तर परीक्षणात आलंच नसतं.

४. निवाडा नको, जागा पाहा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची. इथे घाई करू नका.

'अ सेपरेशन' सुरू होतो झेरॉक्स मशीनवर. ओळखपत्रं काचेवर ठेवली जातात, उजेड सरकतो. मग नादेर आणि सिमीन शेजारी शेजारी बसून आपल्याकडे, थेट कॅमेऱ्याकडे पाहत बोलू लागतात. तिला देश सोडून जायचंय. त्याला जाता येत नाही, कारण वडिलांची स्मृती गेलीये. न्यायाधीशाचा नुसता आवाज येतो, तो दिसत नाही, कारण कॅमेरा त्याच्या जागी आहे. म्हणजे पहिल्या प्रसंगात फरहादी आपल्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवतात.

शेवटच्या प्रसंगात मुलगी, तर्मे, न्यायाधीशासमोर आहे. आईकडे राहायचं की बाबांकडे, हे तिने सांगायचंय. आईबाबांना बाहेर थांबायला सांगतात. ते बोळात येतात, आणि आता कॅमेराही बोळात आहे. काचेच्या दाराच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरा. अंगावर काळे कपडे. लोक ये-जा करतायत. मुलीने काय सांगितलं ते आपल्याला कळत नाही. नामावली सुरू होते आणि ते दोघं तसेच थांबलेले राहतात.

काकांनी विचारलं होतं ते हे. दिग्दर्शकाने दोन तासांत मला न्यायाधीशाच्या खुर्चीतून उठवून बोळात आणून उभं केलं होतं, आणि मी लिहिताना पुन्हा जाऊन खुर्चीत बसले होते. निकाल चित्रपटाने दिला नाही, तो मी दिला.

म्हणून प्रत्येक मोठ्या प्रसंगानंतर स्वतःला तीन प्रश्न विचारा. कॅमेरा कुणाच्या बाजूला आहे? त्याची उंची किती? कुणाचा चेहरा दाखवलेला नाही?

उंचीचं सांगते. ओझूंचा कॅमेरा जमिनीपासून हात-दीड हातावर असतो. जपानी घरात माणसं चटईवर बसतात. आपल्याकडे पाटावर जेवायला बसल्यावर घर जसं दिसतं, तसं ते घर दिसतं. त्या उंचीवरून पाहिलं की उभा राहून बोलणारा मुलगा आपोआप परका वाटतो. यासाठी कुठल्याही पात्राला वाईट म्हणावं लागत नाही. दिग्दर्शक जे एका मांडणीत करतो, ते शब्दांत सांगणं हे परीक्षकाचं काम.

५. काय गाळलंय ते शोधा

आयुष्याच्या वळणांवरच्या चित्रपटांत वळण पुष्कळदा दाखवतच नाहीत. 'टोकियो स्टोरी'त जोडपं सामान बांधतं आणि पुढच्या प्रसंगात टोकियोत मुलाच्या घरी असतं. एवढा लांबचा प्रवास पडद्यावर नाही. ओझूंचाच 'लेट स्प्रिंग' (१९४९) बाप आणि लग्नाच्या वयाची मुलगी यांच्यावर आहे. सगळा चित्रपट मुलीचं लग्न जमण्याभोवती फिरतो, पण त्यात ना नवरा मुलगा दिसतो ना लग्न. लग्नाचं घर रिकामं झाल्यावर बाप एकटा बसून सफरचंद सोलतो. साल खाली पडतं. त्याचा हात थांबतो, मान खाली जाते.

वरातीपासून रिसेप्शनपर्यंत सगळं दाखवणाऱ्या चित्रपटांवर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना हे आधी चुकल्यासारखं वाटतं. नवखा परीक्षक लिहितो, "लग्नाचा प्रसंग असता तर परिणाम वाढला असता." असं लिहिण्याआधी थांबा. जे नाही ते का नाही, याचं उत्तर शोधण्याचा प्रयत्न करा. नाही सापडलं तर तसं लिहायला हरकत नाही.

काळ पुढे सरकतो कसा, हेही टिपा. रिचर्ड लिंकलेटर यांचा 'बॉयहूड' बारा वर्षं थोडा थोडा चित्रित झाला. तोच मुलगा सहा वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंत खरोखर वाढतो. वर्ष सांगणारी एकही पाटी येत नाही, ते केसांच्या लांबीवरून आणि आवाजावरून ओळखायचं. सेलीन साँग यांच्या 'पास्ट लाइव्ह्ज'मध्ये (२०२३) याच्या उलट पडद्यावर सरळ अक्षरं येतात, बारा वर्षं गेली म्हणून. एकात वर्षं नकळत जातात, दुसऱ्यात ती मोजलेली असतात, कारण तिथे कुणीतरी वाट पाहतंय. हा फरक तुमच्या नजरेतून सुटला तर "काळाचा सुंदर वापर" असलं पोकळ वाक्य हातून जातं.

६. सबटायटलवर विसंबू नका

इंग्रजी सबटायटलमध्ये प्रत्येक माणूस प्रत्येकाला 'यू' म्हणतो. मूळ भाषेत तसं नसतं. फ्रेंचमध्ये 'त्यू' आणि 'वू' आहे, फारसीत 'तो' आणि 'शोमा' आहे, आपल्या तू आणि तुम्हीसारखं. कोरियन वाक्याच्या शेवटी 'यो' असेल तर बोलणं अदबीचं, तो गळला की जवळिकीचं. हे तुम्हाला भाषा न येताही कानाने टिपता येतं, कारण मराठी कान याला सरावलेला आहे. पाहुण्याला तुम्ही म्हणणारी बाई एखाद्या दिवशी तू म्हणते तेव्हा घरात काय बदललं ते आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. दोन माणसं एकमेकांना हाक कशी मारतात ते ऐका आणि ती हाक कुठे बदलते ते डाव्या पानावर लिहा. 'पास्ट लाइव्ह्ज'मधली नायिका न्यूयॉर्कमध्ये नोरा आहे, पण कोरियातल्या लहानपणच्या मित्रासाठी ती अजून ना यंग आहे. अख्खा चित्रपट या दोन नावांच्या मध्ये घडतो.

याच चित्रपटात 'इन्यन' हा कोरियन शब्द येतो. रस्त्यात दोन अनोळखी माणसांचे कपडे एकमेकांना घासले गेले तरी त्यांचं मागच्या जन्मीचं काही असतं, आणि लग्न झालं तर त्यामागे आठ हजार जन्मांचे आठ हजार थर असतात, असं नोरा सांगते. मी पहिल्या खर्ड्यात सरळ 'ऋणानुबंध' लिहून टाकलं. शब्द मराठी वाचकाला लगेच भिडतो, पण दोन दिवसांनी तो मला खटकला. आपल्या शब्दात ऋण आहे, काहीतरी फेडायचं राहिलंय. कोरियन शब्दात देणं-घेणं नाही, नुसतं जोडलेलं असणं आहे. मग मी 'इन्यन' तसाच ठेवला, 'आपल्या ऋणानुबंधाच्या जवळचा, पण ऋण नसलेला' असं पुढे जोडलं. आपल्याकडचा शब्द मिळाला की आनंद होतो. त्या आनंदात तो शब्द तपासायचा राहू देऊ नका.

७. चित्रपट आपल्या अंगणातला असेल तर

इथे आपण परदेशी परीक्षकांच्या पुढे असतो आणि तरीही पुष्कळदा त्यांचंच वाचून लिहितो. ते मला खरंच लागतं.

पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' मुंबईतल्या तीन बायकांवर आहे. प्रभा आणि अनू या मल्याळी नर्सेस, आणि त्याच इस्पितळात स्वयंपाक करणारी पार्वती. हे काम छाया कदम यांनी केलंय. पार्वतीचा नवरा गेला आणि राहत्या घराचा एकही कागद तिच्याकडे नाही. बिल्डर तिला बाहेर काढतोय. ती गावी परत जाते, रत्नागिरीकडे.

दूरच्या वाचकासाठी ते 'समुद्रकाठचं गाव' आहे, आणि त्यात त्याची चूक नाही. पण गिरणगावातली कितीतरी घरं कोकणातून आलेल्या माणसांची होती, १९८२ च्या संपानंतर त्या घरांचं काय झालं, आणि कागद नसणं म्हणजे मुंबईत काय, हे मराठी वाचकाला माहीत आहे. कामासाठी जिथून मुंबईला यायचं, तिकडेच एक बाई कागदाअभावी परत जाते. हे मराठी परीक्षणात यायला हवं. त्याचबरोबर प्रभाला जर्मनीहून, पाठवणाऱ्याचं नाव नसलेला भात शिजवायचा कुकर येतो आणि रात्री ती तो मिठीत घेऊन बसते, तिथे आपल्याला केरळमधल्या घरांबद्दल, परदेशी गेलेल्या नवऱ्यांबद्दल थोडं विचारून घ्यावं लागतं. मी सोबत काम करणाऱ्या एका मल्याळी मैत्रिणीला विचारलं. ती दहा मिनिटं बोलली, आणि माझं परिच्छेदभर अज्ञान छापून यायचं टळलं.

रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' तर मराठीच. वडील गेल्यावर आनंद मुंबईहून गावी येतो, दहा दिवसांच्या दुखवट्यात तिथे अडकतो, आणि बालमित्र बाळ्या पुन्हा भेटतो. बाहेरच्या परीक्षकाला ते दहा दिवस समजावून सांगावे लागतील. आपल्याला ते माहीत आहेत, म्हणून आपण त्यावरून घाईने पुढे जातो. तसं करू नका. नातलगांनी भरलेल्या घरात दोन माणसांना बोलायला जागा कुठे मिळते, ते तिथेच पाहायचंय.

आणि चित्रपट फारच जवळचा असेल तर? माझे वडील शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्या काळात मी 'अ सेपरेशन' पुन्हा पाहिला. नादेर वडिलांना अंघोळ घालतो, पाठ चोळता चोळता त्याला रडू फुटतं, आणि वडिलांना काही कळत नाही. माझ्या पहिल्या परीक्षणात या प्रसंगाची एक ओळही नव्हती. ज्याला मी हेकेखोर ठरवून मोकळी झाले होते, त्याचं मला हे दिसलंच नव्हतं. त्या दिवशी मी काही लिहिलं नाही. चार महिन्यांनी लिहिलं आणि त्यात स्वतःबद्दल एकच वाक्य ठेवलं. तेवढं पुरतं. चित्रपट अंगावर आला तर थांबा, किंवा ते परीक्षण दुसऱ्याला द्या. संपादक समजून घेतात.

८. लिहायला बसा

सहाशे ते आठशे शब्द धरा. सुरुवात एका प्रसंगाने करा, जो तुम्ही डोळे मिटून सांगू शकता. कथा तीन-चार वाक्यांत संपवा. नवखे लोक इथेच अर्धं परीक्षण घालवतात. मग तुम्हाला सापडलेली एक गोष्ट घ्या, एकच, आणि ती दोन-तीन प्रसंगांतून दाखवा. अभिनय, संगीत, छायाचित्रण यांना प्रत्येकी एक परिच्छेद वाटून देऊ नका. ज्याचा तुमच्या मुद्द्याशी संबंध आहे तेवढंच येऊ द्या.

नमुन्यादाखल दोन वाक्यं पाहा. पहिलं असं: "वृद्धांच्या एकाकीपणाचं अत्यंत विदारक आणि तरल चित्रण दिग्दर्शकाने केलं आहे." दुसरं असं: "सुरुवातीला शेजारीण खिडकीत थांबते तेव्हा आत दोघं सामान बांधत असतात. सव्वादोन तासांनी ती पुन्हा तिथेच थांबते, आणि आत एकच माणूस पंख्याने वारा घेत बसलेला आहे." पहिलं वाक्य शंभर चित्रपटांना लागू पडतं. दुसऱ्यात सजावटीचं एकही विशेषण नाही आणि ते एकाच चित्रपटाचं आहे.

तरल, विदारक, अंतर्मुख करणारा, चुकवू नये असा, हे शब्द खर्ड्यात आले तर येऊ द्या. नंतर प्रत्येकाच्या जागी तुम्हाला तसं वाटायला लावणारी गोष्ट लिहा. "संथ" या शब्दाचं तर मला खास वाईट वाटतं. कॅमेरा किती वेळ हलला नाही आणि त्या वेळात काय झालं ते लिहा, वाचक स्वतः ठरवेल.

न आवडलेल्या चित्रपटाबद्दलही असंच लिहा. कुठल्या प्रसंगात तुमचा विश्वास उडाला ते दाखवा. छोट्या चित्रपटामागे कुणाचं घर गहाण असतं हे ठाऊक आहे, पण म्हणून खोटं कौतुक करू नका. ते वाचून तिकीट काढलेला प्रेक्षक पुढच्या वेळी येत नाही.

शेवट फोडायचा का? नव्या चित्रपटाचा नाही. जुन्याचा फोडलात तर वर सूचना द्या. आणि लक्षात ठेवा, 'मुलीचं उत्तर आपल्याला कळत नाही' असं सांगणं हेही शेवट फोडणंच आहे.

९. पाठवण्याआधी तपासा

*नावं.* परदेशी नावं इंग्रजी स्पेलिंगवरून देवनागरीत उतरवू नका. दिग्दर्शकाची मुलाखत शोधा, निवेदक नाव कसं उच्चारतो ते दोनदा ऐका. जपानी आणि कोरियन लोकांत आडनाव आधी येतं, तेव्हा नाव कुठलं आणि आडनाव कुठलं तेही सांभाळा.

*पुरस्कार.* इथे सर्वांत जास्त चुका होतात. 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात 'ग्रां प्री' मिळालं. तो तिथला दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान, पहिला 'पाम द'ऑर'. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला बर्लिन महोत्सवात २०१४ मध्ये 'क्रिस्टल बेअर' मिळालं. ते मुलांच्या ज्युरीने दिलेलं, मुख्य स्पर्धेचं 'गोल्डन बेअर' वेगळं. 'साबर बोंडं'ला २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं, त्यात विभागाचं नाव गाळू नका. आणि "ऑस्करला गेला" हे वाक्य तर टाळाच. 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' या भारताच्या अधिकृत प्रवेशिका होत्या. अंतिम नामांकन त्यांतल्या एकालाही मिळालं नाही. यात कमीपणा काही नाही, पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत.

*चित्रं आणि उतारे.* निर्मात्यांनी प्रसिद्धीसाठी दिलेलीच छायाचित्रं वापरा. परीक्षणासाठी संवादाचा छोटा उतारा देण्याची मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये आहे. सबंध प्रसंग उतरवून काढण्याची नाही.

*ओळख.* दिग्दर्शक मित्र असेल, चित्रपटाला तुम्ही कुठलीही मदत केली असेल, तर पहिल्या परिच्छेदात सांगा. पाहण्यासाठी खासगी लिंक मिळाली असेल तर ती घरातल्या माणसालाही पाठवू नका, आणि 'या तारखेआधी छापू नये' असं लिहिलेलं असेल तर ती तारीख पाळा.

*वेळ.* स्वतंत्र मराठी चित्रपटाला पहिल्या आठवड्यात मोजके खेळ मिळतात, तेही बऱ्याचदा आडवेळी. सोमवारी छापलेलं उत्तम परीक्षण वाचून कुणी निघालं तर खेळ उतरलेले असतात. शुक्रवारी सकाळी पाचशे शब्द द्या आणि सविस्तर लेख नंतर लिहा.

१०. छापून आल्यावर

चूक कुणी दाखवली तर पुढच्या अंकात दुरुस्ती द्या, जिथे चूक छापली तेवढ्याच ठळकपणे. दिग्दर्शकाचा रागावलेला फोन आला तर ऐकून घ्या, वाद घालू नका. वही उघडून तो प्रसंग तुम्हाला कसा दिसला ते सांगा. दोनदा असं झालंय की त्या बोलण्यातून मला पुढच्या परीक्षणासाठी नवा प्रश्न मिळाला.

वहीवर चित्रपटाचं नाव, तारीख, जागा आणि सोबत कोण होतं ते लिहून ती जपून ठेवा. दोन-तीन वर्षांनी तोच चित्रपट पुन्हा पाहा, कोरं पान उघडून, जुनं न वाचता. मग दोन्ही पानं शेजारी ठेवा. माझ्याकडे 'अ सेपरेशन'ची अशी चार पानं आहेत. पहिल्यावर बोळ नाही, दुसऱ्यावर अंघोळ नाही. चौथ्यावर पहिल्यांदाच तर्मेचं नाव तिच्या आईबाबांच्या आधी आलंय.